शांतता किंवा गोंधळ

तीन सेकंद किती असतात हे मला घड्याळात न बघता कळतं. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला, की माझ्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप हलायला लागतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायको म्हणाली होती, "बसल्या जागी पाय हलवू नये, बरं नसतं." मी पाय आत ओढून घेतला आणि विषय बदलला. तिला वाटतं ही जन्माची खोड आहे. ती कशासाठी लावून घेतली, कुठल्या बाईंच्या वर्गात उघडी पडली, हे मी तिलाही सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

आता सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होतो आणि कोल्हापुरात राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत दोघा मित्रांबरोबर राहत होतो. जिन्यात कायम स्पिरिटचा वास. समोरच्या इमारतीवर खालपासून वरपर्यंत क्लासेसच्या पाट्या. सकाळी सहाला सायकलींच्या स्टँडचे खटाखट आवाज यायचे आणि तेच आमचं गजराचं घड्याळ. आम्ही तिघं शिक्षणावर फार बोलायचो. मेसमध्ये बोलायचो, चहाच्या गाड्यावर बोलायचो. 'आनंददायी शिक्षण' हा शब्द तेव्हा नवा आणि कोरा करकरीत होता. शाळांच्या भिंतींवर पानंफुलं रंगवली जात होती, गुरुजी लोक प्रशिक्षणाला जाऊन टाळ्यांचे नवे प्रकार शिकून येत होते. आपण अगदी वेळेवर जन्माला आलो, असं आम्हाला वाटायचं. त्या वाटण्याला मी आजही हसत नाही. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास कुठं आला (आता कुठून येणार म्हणा), तर मी अजून उभ्या जागी पंचवीस वर्षांचा होईन.

माझ्या प्रबंधाचा विषय होता प्राथमिक शाळांतल्या अध्यापन-पद्धती. बारा शाळा, बारा शिक्षक, प्रत्येकाचे तीन तास बघायचे. बघायचे म्हणजे काय, तर एक तक्ता होता. त्याला दहा रकाने. पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे: प्रशंसा करतो, प्रश्न विचारतो, माहिती सांगतो, सूचना देतो, रागावतो, असे. पुढचे दोन मुलांच्या बोलण्याचे. आणि शेवटचा, दहावा: 'शांतता किंवा गोंधळ'. वर्गात मागे बसायचं आणि दर तीन सेकंदांनी, त्या क्षणाला जे चाललं असेल त्या रकान्यात एक काडी मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. तास संपेपर्यंत कागद काड्यांनी भरून जाई. त्यांची बेरीज केली की वर्गात कोण किती बोललं ते निघे.

शांतता आणि गोंधळ एकाच रकान्यात का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. दोन्हींत कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून एकत्र. सरळ होतं.

मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलं तर वर्ग दिसत नाही. म्हणून मी आठवडाभर खोलीत सराव करून ती तीन सेकंदांची लय अंगठ्यात उतरवली. मित्र चेष्टा करायचे, "ह्याचं शिक्षण शेवटी पायात गेलं." बुटात हलणारा अंगठा कुणाला दिसणार नाही, असा माझा अंदाज होता. पण बहुतेक शाळांत पायताण दाराबाहेर काढून आत जायचं असतं, हे मी विसरलो होतो.

सातव्या क्रमांकाची शाळा कुरुंदवाडच्या पुढे, नदीकाठच्या एका गावात होती. कोल्हापुरातून जयसिंगपूर, तिथून कुरुंदवाडची एस.टी., आणि पुढं वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला लटकून. जीपवाला मला रोज विचारायचा, "पावणं, कुणाकडं?" मी म्हणायचो, शाळेत. मग तो मागं वळून सगळ्या गाडीला सांगायचा, "शाळा तपासाय आल्यात." मी तपासायला आलेलो नाही, फक्त बघायला आलोय, असं मी तीन दिवस सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.

दोन्हीकडं ऊस, मधेच वांग्याचं शिवार, नदीकाठच्या गाळाच्या मळीवर तंबाखू. शाळेच्या खोल्या चार. पहिलीचा वर्ग एका बाईंकडं. बाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या, उंच, आवाज मोठा, पदर कमरेला खोचलेला. मी दारात उभा राहिलो तर म्हणाल्या, "या की. पण मधी बोलायचं न्हाय. आनि पोरास्नी लाडीगोडी न्हाय." साहेबांशी बोलतात तसं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवीन पोराशी बोलावं तसं बोलल्या. मला ते आवडलं.

वर्गात तिसेक मुलं. निम्म्या घरांत कानडी चालायचं. एका गल्लीतली मुसलमानांची पोरं घरी त्यांच्या वळणाचं हिंदी बोलायची. उरलेली आपल्या कोल्हापुरी वळणाचं. पुस्तकातली मराठी मात्र त्या खोलीत कुणाच्याच घरची नव्हती, बाईंच्या सुद्धा.

पहिल्या दिवशी पाठ होता पाण्याचा. बाईंनी विचारलं, "पाण्यात कोण राहतं?"

आणि त्या वळल्या. मुलांकडं पाठ करून फळा पुसायला लागल्या. फळा कोरा होता. तरी फडक्यानं वरून खाली, सावकाश, कोपऱ्यापर्यंत.

मी काडी मारली, दहाव्या रकान्यात. अंगठा हलला, दुसरी काडी. तिसरी. चौथी. आडवी. वर्ग गप्प. पण ते गप्प बसणं मी बाकीच्या शाळांत पाहिलं होतं तसं नव्हतं. एक पोरगा छताकडं बघत ओठ हलवत होता. दोघी जणी एकमेकींच्या कानात काहीतरी तपासून घेत होत्या. कुणी बोटं मोडत होतं. मी अकरा काड्या मारल्यावर खिडकीजवळची एक बारीकशी मुलगी उठून उभी राहिली.

"एम्मे," ती म्हणाली.

वर्ग हसला. बाई वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मराठीत?"

पुन्हा चार काड्या. "म्हस."

आता तर वर्ग खिदळायलाच लागला. कुणीतरी ओरडलं, "बाई, ही म्हशीला मासा म्हनालीया!"

"ती कुटं मासा म्हनाली? तू म्हनालास," बाई फळ्याला म्हणाल्या. "म्हस कधी राहती गं?"

"दुपारच्याला."

"पूर्ण वाक्यात."

मुलीनं श्वास घेतला. दोन काड्या. "दुपारच्याला म्हस पाण्यात ऱ्हाती."

तेव्हा बाई वळल्या. तिच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बस."

शाब्बास नाही, टाळ्या नाहीत. पण त्या 'बस'नं ती मुलगी अशी बसली, की जणू कुणी तिला पाटावर बसवलं. मग दुसरा उठला, त्याच्याकडं बेडूक होता. तिसरीकडं कमळ. एकाचा आज्जा होता, कारण तो नावाडी होता आणि दिवसभर पाण्यातच असायचा. प्रत्येकाला 'पूर्ण वाक्यात', आणि वाक्य झालं की 'बस'. मासा सगळ्यात शेवटी आला. पुस्तकात तो पहिला होता.

दुपारच्या सुट्टीत पोरं माझ्याभोवती जमली. "सर, तुमी काय लिवालाय?" "सर, ह्या काड्या कशाच्या?" आणि खिडकीजवळची ती मुलगी खाली वाकून माझ्या पायाकडं बघत होती. "सर, तुमचा अंगठा का हालालाय?" मी काही बोलायच्या आत दहा-बारा पोरांनी आपापले अंगठे हलवायला सुरुवात केली. बाई दारातून हे बघत होत्या. पोटभर हसल्या. "घ्या! चार तासांत येवढं शिकवलंसा पोरास्नी."

डबा त्यांनी माझ्यापुढं सरकवला. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि भाकरी. मी विचारलं, बाई, प्रश्न विचारल्यावर तुम्ही फळा का पुसता? कोरा असतो.

"मग काय करू? त्यांच्याकडं बघत ऱ्हाऊ?" त्या म्हणाल्या. "सर, पोरं माझं तोंड बघून उत्तर देत्यात. माझी भुवई हालली की ह्यांचं उत्तर बदलतंय. म्हनून मी तोंडच दावत न्हाय. आनि ह्यास्नी आदी घरातल्या भाषेत सुचतंय. तिथनं उचलून आनायचं म्हंजे येळ लागनारच की. चार कोस चालत यायचं हाय त्येनी. मी फळा पुसतीया तवर."

मला जिन्यातल्या, मेसमधल्या, चहाच्या गाड्यावरच्या आमच्या सगळ्या चर्चा आठवल्या. त्यांत हे कुठंच नव्हतं. परतीच्या एस.टी.त मी तक्ता काढला. शेवटी 'शेरा' म्हणून एक जागा होती. तिथं मी पेन्सिलीनं लिहिलं: 'दहाव्या रकान्यातील नोंदी या शांततेच्या आहेत. गोंधळ नाही. मुले विचार करीत आहेत.' गाडी हलत होती म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं. जयसिंगपूरच्या स्टँडवर उतरून मी उसाचा रस प्यालो आणि उगाचच फार खूश होतो.

पुढचे दोन्ही तास तसेच झाले. बारा शाळांत दहाव्या रकान्यातल्या सगळ्यात जास्त काड्या शिक्षक क्रमांक सातच्या होत्या. प्रशंसेच्या रकान्यात मात्र एकही नव्हती, कारण 'बस'साठी त्या तक्त्यात जागा नव्हती.

मार्गदर्शक सर सज्जन माणूस होते. त्यांना मी या गोष्टीत खलनायक करणार नाही. त्यांनी माझा शेरा चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "मुलं विचार करताहेत, हे तुम्हाला दिसलं?"

"दिसलं म्हणजे… कळलं, सर."

"दिसतं तेवढंच निरीक्षण. विचार दिसत नाही." मग चष्मा खाली घेत म्हणाले, "पण तुमचा मुद्दा चुकीचा नाही. शांततेचा वेगळा रकाना करा. मात्र मग बाराही शाळांची निरीक्षणं नव्यानं घ्यावी लागतील. एक वर्ष वाढेल. तुमची मर्जी. मी सही करीन."

त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. मीच त्यातून गेलो नाही. त्याच उन्हाळ्यात एका अध्यापक विद्यालयात जागा निघाली होती, पदव्युत्तर पदवी हातात असलेला माणूस हवा होता. गावाकडं वडील प्रत्येक पत्रात विचारत होते. मी म्हणालो, "राहू दे, सर." खोलीवर येऊन तक्त्यांच्या पक्क्या प्रती केल्या. शेऱ्याची जागा मोकळी ठेवली. पेन्सिलीचा तो कागद फाडला नाही, एका वहीत सरकवून दिला. फाडला नाही याचं तेव्हा मला समाधान वाटलं होतं, हे लिहिताना आज कान गरम होतात.

राजारामपुरीच्या पाचव्या-सहाव्या गल्लीत टायपिंगची दुकानं होती, नुकतेच कॉम्प्युटर आलेली. सबमिशनच्या दिवसांत तिथं रांगा लागायच्या. माझा टायपिस्ट तोंडात तंबाखू धरून, मान वर करून बोलायचा. बारा शिक्षकांचा एकत्रित तक्ता पानावर बसवताना तो अडला.

"सर, दहावा रकाना अरुंद हाय. 'शांतता किंवा गोंधळ' येवढं नाव बसंना झालंय. येक शब्द ठेवू काय?"

"ठेवा," मी म्हणालो.

एक शब्द राहिला. राहिला तो 'गोंधळ'. दुकानात त्यावर आणखी थोडं बोलणं झालं, ते मी शेवटी सांगेन. इतकी वर्षं मी हे स्वतःला असंच सांगत आलो, की टायपिस्टनं ठेवला.

पदवी मिळाली, जागाही मिळाली. सर म्हणाले, निष्कर्षांची दोन पानं शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीत द्या, शाळांना उपयोग होईल. संशोधन कपाटात पडू नये, असं ते नेहमी म्हणत. मी पानं दिली. त्यांत तो तक्ता होता, आणि माझंच एक वाक्य होतं की ज्या वर्गांत गोंधळाचं प्रमाण अधिक आहे तिथं अध्यापन अधिक क्रियाशील होणं आवश्यक आहे. नावं नव्हती, फक्त क्रमांक.

पानं वाचून तिथल्या एका अधिकाऱ्यांनी मला स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला नेलं. दिलखुलास माणूस. भजी मागवली. म्हणाले, "लई भारी काम केलंसा. आमाला आकडं पायजेतच, गुणवत्तेचं वरनं इचारत्यात." मग कागदावर बोट ठेवून, "हे सात नंबर म्हंजे नदीकडची पहिलीची बाई न्हवं?"

मी बशीत चहा ओतला.

"न्हाय, नाव सांगू नगा. तुमचा नेम मोडाय नको."

मी गप्प राहिलो. तीन सेकंद, सहा, नऊ. अंगठा टेबलाखाली हलत होता. ते माझ्याकडंच बघत होते, आणि माझ्या तोंडावर काय आलं असेल ते असेल.

"कळलं," ते म्हणाले, आणि भजी माझ्याकडं सरकवली.

जूनमध्ये मी त्या शाळेत आभाराचं पत्र द्यायला गेलो. खरं म्हणजे पत्र पोस्टानं पाठवता आलं असतं. पहिलीच्या वर्गात एक तरुण गुरुजी होते, उत्साही, प्रशिक्षणातून नुकतेच आलेले. भिंतीवर नवीन मासा रंगवला होता, निळा. गुरुजींनी विचारलं, "पाण्यात कोण राहतं?" आणि श्वासही न घेता हात वर उडवले. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मा-सा!" टाळ्या. खिडकीजवळच्या मुलीची लहान बहीण असावी, चेहरा अगदी तोच होता. ती सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. स्वतःच्या पायाकडं बघत. दहाव्या रकान्यात मारायला तिथं एकही काडी नव्हती.

बाई शेवटच्या खोलीत सातवीचे दाखले आणि हजेऱ्या घेऊन बसल्या होत्या. पहिली काढून घेतली, असं हेडमास्तरांनी मला हळूच सांगितलं. "वरनं तोंडी आलतं." मी बाईंच्या दारापर्यंत गेलो. त्या मान खाली घालून रेघा मारत होत्या, पट्टीनं, सावकाश. मी उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं असतं तर मी आत गेलो असतो, असं मी पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिलो. पत्र हेडमास्तरांकडं देऊन वडापला लटकलो.

पुढची पंधरा वर्षं चांगली गेली, हे सांगायलाच हवं. अध्यापक विद्यालयातल्या पोरी-पोरांनी मला जीव लावला. सरावपाठांच्या दिवसांत पुठ्ठ्याच्या पाट्या, खळीचे डबे, गोट्यांच्या माळा घेऊन ती खेड्यांतून फिरायची, आणि मी मागच्या बाकावर बसून काड्या मारायचो. मी त्यांना तो तक्ता शिकवला. दहावा रकाना फळ्यावर लिहिताना नेहमी पूर्ण लिहायचो, 'शांतता किंवा गोंधळ', दोन्ही शब्द. त्याहून जास्त काही बोलायचो नाही. कुणी शंका काढली तर म्हणायचो, पुढच्या तासाला बघू. पुढचा तास कधी आला नाही.

मग एका वर्षी शिक्षकांसाठी नवीन प्रशिक्षण-पुस्तिका करायचं ठरलं, आणि लेखकांत माझं नाव आलं. धोरण आता बदललं होतं. बैठकीत बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी सांगितलं, शिक्षक प्रश्न विचारतो आणि थांबतच नाही. थांबायला शिकवा. घरची भाषा वर्गात येऊ द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, वहीत लिहून घेतलं. मला म्हणाले, तुम्ही ग्रामीण भागात काम केलंय, एखादं उदाहरण द्या.

मी दिलं. एका बैठकीत लिहून काढलं. म्हस, दुपार, फळा पुसणं, पूर्ण वाक्यात, बस. 'एका शाळेत एक शिक्षिका' अशी सुरुवात केली. बैठकीत वाचून दाखवलं तर लोक हसले, मग गंभीर झाले. तज्ज्ञ म्हणाले, "काय निरीक्षण आहे तुमचं!" चहाच्या वेळी दोघांनी येऊन हात मिळवला. मी भरलेला कप तसाच खिडकीत ठेवून हात पुढं केला.

पुस्तिका छापून आल्यावर तिची एक प्रत, आणि वहीतला तो पेन्सिलीचा कागद, दोन्ही पिशवीत घालून मी जयसिंगपूरला गेलो. बाई निवृत्त होऊन मुलाकडं राहतात एवढं कळलं होतं. घर सापडायला वेळ लागला नाही, 'पहिलीच्या बाई' म्हटल्यावर किराणा दुकानदारानं थेट दारापर्यंत पोरगी बरोबर दिली. पहिली काढून घेतल्यावरही लोकांच्या तोंडी त्या पहिलीच्याच बाई राहिल्या होत्या.

त्यांनी मला ओळखलं. केस सगळे पांढरे, आवाज तोच. "या की. अंगठेवालं सर न्हवं तुमी?" सून कामाला गेली होती. त्या स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसल्या, मी समोर. पुस्तिका पुढं केली, पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावून बोट ठेवत वाचलं. म्हशीपाशी थोडं हसू आलं. "हिचं लगीन झालं," म्हणाल्या. "परवा दिसलीती बाजारात. कडेवर पोर."

पान संपलं. चष्मा काढला.

"लई झ्याक लिवलंय. 'एका शाळेत.'" त्यांनी ते दोन शब्द परत म्हटले. "पर सर, त्या टायमाला हेडमास्तरांनी मला येक कागद दावलता. त्यात माझ्यापुढं गोंधळ लिवलंतं. सगळ्यांत जास्त. मी लई इचार केला बगा. शाळंच्या नोकरीत मला कायकाय म्हंटलं लोकांनी. कडक म्हंटलं, आखडू म्हंटलं. पर माझ्या वर्गात गोंधळ कवा झालता?"

एवढं विचारून त्या उठल्या, आणि माझ्याकडं पाठ करून ओटा पुसायला लागल्या. ओटा स्वच्छ होता. तरी फडक्यानं, डावीकडून उजवीकडं, सावकाश.

अंगठा सुरू झाला. मी पाय खुर्चीच्या दांडीला दाबून धरला, तरी आत मोजणं चालूच राहिलं. बाहेर गल्लीत भांडीवाली ओरडत गेली. तिचा आवाज लांब गेला, संपला.

"टायपिंगमध्ये चूक झाली होती," मी म्हणालो.

त्या वळल्या नाहीत. फडकं कोपऱ्यात गेलं, परत आलं.

"घाई होती, बाई. तारीख जवळ आलेली."

पाठ तशीच. गॅसच्या शेगडीचं बटण पुसलं, मग दुसरं. त्यांना कसलीच घाई नव्हती. त्या क्षणी मला कळलं, की त्या खोलीतली मुलं त्या पाठीकडं बघत काय करत असतील. तोंड दिसत नव्हतं, त्यामुळं त्या तोंडाला आवडेल असं काही बोलायची सोयच नव्हती.

"भ्यालो," मी म्हणालो.

"पूर्ण वाक्यात."

मी पिशवीतला पेन्सिलीचा कागद काढला होता, पण त्याच्याकडं बघितलं नाही. म्हणालो, "तुमच्या वर्गात गोंधळ नव्हता, शांतता होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टायपिस्टनं विचारलं, दोन्हींतला कंचा शब्द ठेवू. शांतता ठेवली असती तर तोंडी परीक्षेत मला विचारलं असतं, कसली शांतता, आणि मला सगळं परत करावं लागलं असतं. गोंधळाबद्दल कुणीच काही विचारत नाही. म्हणून मी म्हणालो, गोंधळ ठेवा. मग साहेबांनी विचारलं, हीच बाई काय, तेव्हा मी नाही म्हणालो नाही. तुमची पहिली माझ्यामुळं गेली."

फडकं थांबलं. त्यांनी ते पिळलं, नळाच्या तोटीवर वाळत घातलं आणि मग वळल्या. माझ्याकडं नीट बघितलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी उभा राहिलो होतो.